छातीवर पाणी, घशाला कोरड

मित्रांनो, माझ्याजवळ बसायचं तर नाकाला रुमाल लावूनच बसा. मी राग मानणार नाही. मी एक जुनी, पिवळी पडलेली, कडांना चिकट झालेली पाण्याची पिशवी आहे. उलांडीच्या, म्हणजे तोल सांभाळायला एका बाजूला आडवं लाकूड बांधलेल्या, होड्या पळवणारे लोक मला छातीवर बांधतात. माझ्या पोटातून एक लांब नळी निघते आणि नळीच्या टोकाला रबराचं बोंड आहे. ते दातात धरून चावलं की पाणी येतं, वल्हं हातातून सोडावं लागत नाही. अंगावर पिणारं पोरही मला चटकन वापरायला शिकेल. प्रशांत महासागरातल्या ताहा बेटावरच्या सहा धिप्पाड पुरुषांना मात्र ते शिकवायला एका बाईला समुद्रात उडी मारावी लागली.

माझा जन्म कुठल्याशा परमुलखातल्या कारखान्यात झाला. वर तापलेला साचा, खाली तापलेला साचा, मध्ये मी. जन्माची आठवण म्हणून जळक्या प्लास्टिकचा वास तेवढा राहिला आहे. आज त्या वासाचीही मला आठवण येते, कारण पुढे जे वास माझ्या वाट्याला आले त्यांच्यापुढे तो अत्तर होता.

पापीती शहरातल्या एका दुकानातून मला पुआराईने विकत घेतलं. ताहा बेटावर तिचा व्हॅनिलाचा मळा आहे. नवऱ्याच्या वाढदिवसाला तिने शर्टाऐवजी मला आणलं. नवरा म्हणजे तिहोनी, धक्क्यावर बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा आणि गावच्या होडीत तिसऱ्या जागेवर बसणारा. ही जागा ताकदीच्या माणसाची. तिहोनीने चाळिशी ओलांडली होती आणि त्याच्या जागेवर डोळा ठेवून दोन-तीन जवान पोरं रोज किनाऱ्यावर दंड फुगवत उभी असायची. आमच्याकडे माणसाची ओळख घरावरून होत नाही, होडीतल्या जागेवरून होते. जागा गेली की दुसऱ्या दिवसापासून लोक त्याला आजोबा म्हणायला लागतात.

पहिल्या दिवशी पुआराईने मला लिंबू आणि मीठ लावून धुतलं, उलटी टांगून वाळवलं आणि तिहोनीला बजावलं, "हे रोज करायचं. मी करणार नाही. तुझं तोंड, तुझी पिशवी."

तिहोनी हो म्हणाला. तो सगळ्यालाच हो म्हणतो. त्याच्या होकाराची किंमत मला पहिल्याच आठवड्यात कळली.

मित्रांनो, माझ्यात काय काय भरलं गेलं ते सांगते. ज्यांचं जेवण व्हायचं असेल त्यांनी पुढचा मजकूर नंतर वाचावा. लाल रंगाची गोडमिट्ट पूड कालवलेलं सरबत. मध. शहाळ्याचं पाणी, जे त्याच दिवशी ओतून टाकायला हवं होतं आणि जे गाडीच्या डिकीत राहून फसफसलं. एकदा जिंकल्यावर बिअर. वर या लोकांना एक खोड आहे. पिऊन झालं की ते नळीत उलटी फुंकर मारतात, म्हणजे नळीतलं पाणी उन्हाने तापत नाही. फुंकर पाण्यासाठी असते, पण तिच्याबरोबर दुपारचं जेवणही येतं. नारळाच्या दुधातला कच्चा मासा तिहोनीने खाल्ला की त्यातला थोडा माझ्याही वाट्याला यायचा. आणि होडीतच बसल्या जागी धार सोडणारे हे लोक मला कधी छातीवरून काढून तळाशी ठेवत, तेव्हा समुद्र, घाम आणि ती धार या सगळ्यांच्या मिश्रणात मी लोळायची. आत किती आलं याचा हिशोब मी ठेवते. बाहेर किती गेलं याचा हिशोब माझ्या पाठीला लागायचा.

थोड्याच दिवसांत माझ्या नळीत काळे ठिपके धरले. तिहोनी त्यांना चव म्हणायचा.

कौतुकही झालं, नाही असं नाही. एका छोट्या शर्यतीत गावची होडी पहिली आली तेव्हा तिहोनीने भर किनाऱ्यावर माझा मुका घेतला. बायकोचा नंतर घेतला. पुआराईने तोंड फिरवलं आणि आधी चूळ भर म्हणाली. मला तिचं म्हणणं पटलं.

आता तांडेलाबद्दल. होडीच्या शेवटी बसून सुकाणूचं वल्हं धरतो तो तामुएरा. सगळा गाव त्याला मान देतो, कारण लाटेच्या पोटात काय आहे ते त्याला पाठीला डोळे असल्यासारखं दिसतं. पण पाण्याच्या बाबतीत त्याचं डोकं उलटं चालायचं. पाण्याला वजन असतं, हा शोध त्याला कधीतरी लागला होता. शर्यतीच्या सकाळी तो वाळूवरून ओळीने फिरायचा, प्रत्येकाची पिशवी हाताने दाबून बघायचा आणि अर्धं पाणी वाळूत ओतायचा. "समुद्र ओलांडायचाय की पाणी विकायला निघालात?" असं विचारायचा. सगळे हसायचे. स्वतः तामुएराच्या पोटात माझ्यासारख्या पुष्कळ पिशव्या सहज मावल्या असत्या. ते पोट होडीत बसताना कुणी वजनात धरत नसे.

दुसरा नियम त्याहून अस्सल. तो कुणी सांगितला नव्हता, पण सगळे पाळायचे. समोरची होडी बरोबरीला असेल तर प्यायचं नाही. जो आधी बोंड तोंडात धरील तो आधी थकला, असं दोन्ही बाजू मानायच्या. शेजारून जाणाऱ्या होडीतले लोक एकमेकांच्या वल्ह्यांकडे बघत नसत, ओठांकडे बघत. गावोगावच्या होड्यांत हीच रीत. तहानलेली माणसं शेजारी-शेजारी बसून एकमेकांवर पहारा करतात, प्रत्येकाच्या छातीवर पाणी असतं आणि कुणी पीत नाही. असला मूर्खपणा करायला माणूसच लागतो.

बोराबोरा बेटापर्यंतची मोठी शर्यत जवळ आली. त्या शर्यतीत वल्हेकरी बदलत नाहीत. सहाजणांनीच सगळा समुद्र कापायचा. पाणी मात्र वाटेत मिळतं आणि ते मिळण्याची पद्धत आमच्या लोकांची खास आहे. सोबतची बोट पुढे जाते, तिच्यातून एकजण होडीच्या पुढे समुद्रात उडी मारतो आणि भरलेली पिशवी वर धरून तरंगत राहतो. होडी त्याच्या अगदी अंगालगत जाते आणि वल्हेकरी दोन वल्ह्यांच्या मधल्या क्षणात ती पिशवी उचलतो. एक अट आहे. तरंगणाऱ्याने होडीला, वल्ह्याला किंवा होडीतल्या कुणाला हात लावायचा नाही. लावला की होडी बाद.

हे काम गावात पुआराईइतकं कुणाला जमत नसे. ती पाण्यात बुचासारखी उभी राहायची.

शर्यतीच्या आधी आठवडाभर मी डिकीत होते. पोटात लाल सरबताचा गाळ. शर्यतीच्या सकाळी तिहोनीने मला काढलं, नळाखाली एकदा खळखळ केलं आणि भरलं. पुआराईने लांबूनच विचारलं, धुतलीस ना? तो म्हणाला, हो. मग तामुएरा आला आणि त्याने त्याच्या रीतीप्रमाणे अर्धं पाणी वाळूला पाजलं.

वारा पडला होता. समुद्र चकचकीत, ऊन डोक्यावर आणि खालूनही. पहिल्या टप्प्यातच पलीकडच्या गावची होडी आमच्या बरोबरीला आली आणि तिथून हलेना. तिहोनीने एकदाच बोंड तोंडात घेतलं, तेही मान खाली घालून, चोरून. माझ्यातून जे आलं ते त्याच्या घशाखाली गेलं नाही. त्याने ओकारी काढली. मला माझीच शिसारी आली, पण खरं सांगायचं तर त्यात माझं असं काही नव्हतं. सगळा ऐवज त्याचाच होता. मी फक्त परत केला.

शेजारच्या होडीतून लगेच हाक आली, "काय रे, बायकोने काय घातलंय पाण्यात?"

"वैतागून विष घातलं असेल," दुसरा म्हणाला.

आमच्या होडीत कुणी हसलं नाही. मागून तामुएरा गुरगुरला, तोंड बंद कर आणि वल्हं चालव. तिहोनीने बोंड तोंडातून सोडलं, ते परत धरलं नाही. नंतर पुआराई समुद्रात उतरली, स्वच्छ धुतलेली, गार पाण्याने भरलेली नवी पिशवी वर धरून. होडी तिच्या अंगालगत गेली. बाकीच्यांनीही हात पुढे केले नाहीत, कारण शेजारच्यांनीही केले नव्हते. तिहोनीने तर तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. बोटीत परत चढताना तिने ती भरलेली पिशवी डेकवर आपटली.

मी त्याच्या छातीला चिकटून होते, त्यामुळे पुढचं मला सगळ्यांच्या आधी कळलं. आधी त्याच्या घामाने मी चिंब व्हायची. मग घाम खारट चिकट झाला. मग घाम थांबला. कातडी गरम आणि कोरडी, तव्यासारखी. मित्रांनो, घाम थांबला की मूर्ख माणसाला वाटतं, बरं वाटायला लागलं. वजन नको म्हणून अर्धं पाणी वाळूत ओतलं आणि उरलेलं अर्धं न पिता समुद्रभर छातीवर वाहिलं. असा व्यवहार करणाऱ्याला दुकान सोडा, टपरीसुद्धा चालवायला देऊ नये.

बाजू बदलायची हाक आली. बाकीच्यांनी वल्ही एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला घेतली. तिहोनीने घेतलं नाही. पुढच्याच्या पाठीवर त्याचं वल्हं आदळलं. तो काहीतरी पुटपुटला. मला ऐकू आलं. तो आपल्या गेलेल्या आजीला हाक मारत होता, निखाऱ्यांवरचा नीरफणस जळतोय म्हणून. तामुएराने मागून शिवी घातली. त्याला तिहोनीची पाठ दिसत होती, तोंड दिसत नव्हतं.

तोंड बोटीवरून पुआराईला दिसलं.

ती परत उतरली तेव्हा तिच्या हातात पिशवी होती. लाटेवर ती वर आली, खाली गेली, आणि होडी जवळ येताना मला तिचे डोळे दिसले. बोराबोराचा डोंगर समोर होता. शेजारची होडी थोडीशी, वल्ह्याच्या पात्याएवढीच, मागे पडली होती. गावाने किती वर्षांनी ही शर्यत जिंकायची वेळ आणली होती, ते तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तिने हातातली पिशवी सोडून दिली आणि दोन्ही हातांनी तिहोनीच्या वल्ह्याला मिठी मारली.

वल्हं तिच्याकडे आलं आणि वल्ह्यामागून तिहोनी आला. आणि मीही. आम्ही तिघंही पाण्याखाली गेलो. वर आलो तेव्हा होडी आडवी फिरली होती, पंचांच्या बोटीवर लाल निशाण चढलं होतं आणि तामुएरा उभा राहून ओरडत होता, उलांडीची होडी कलंडेल याचंही भान न ठेवता.

"अगं, काय केलंस हे? सगळी मेहनत बुडवलीस."

पुआराईने नवऱ्याचं डोकं पाण्याच्या वर धरलं होतं. ती धापा टाकत म्हणाली, "होडी हलकी हवी होती ना, दादा? घे. एक माणूस कमी केलाय."

आणि शेजारची होडी? ती पुढे निघून गेली. आमची होडी बाद झाली तशी त्यांच्या सहाच्या सहाजणांनी बोंडं तोंडात धरली आणि वासरं आचळाला लागतात तशी ढोसायला लागली. बघायला कुणी उरलं नव्हतं ना. मी आयुष्यात पुष्कळ घाण पोटात घेतली आहे, पण ते दृश्य अजून घशाखाली उतरलेलं नाही.

शेजारच्या राइआतेआ बेटावरच्या दवाखान्यात तिहोनीला नेलं. पुआराईच्या झोळीत मीही गेले. तिथे त्याच्या खाटेवर माझी एक सख्खी बहीण टांगलेली होती. तीही पिशवी, तिच्याही पोटात पाणी, तिलाही नळी. पण काय तिचं रूप, आरपार स्वच्छ. तिची नळी तिहोनीच्या तोंडात नव्हती, सुईने दंडात खुपसली होती. जे पाणी तोंडाने घ्यायला लाज वाटली ते आता दंडातून थेंबथेंब चाललं होतं आणि ते त्याने मुकाट्याने घेतलं. मला बहिणीशी दोन शब्द बोलायचे होते. पण नर्सबाईंनी नाक दाबलं आणि विचारलं, झोळीत काय मेलंय? पुआराई म्हणाली, माझ्या नवऱ्याची पिशवी. नर्सबाईंनी नवऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि दोघांपैकी एकाला बाहेर काढायला सांगितलं. पुआराईने मला खिडकीबाहेर ठेवलं.

डॉक्टरांनी काय सांगितलं ते खिडकीतून ऐकलं. तिहोनीची लघवी जुन्या इंजिनातल्या तेलाच्या रंगाची झाली होती. अजून थोडा उशीर झाला असता तर मूत्रपिंडं गेली असती, कदाचित तोही.

गावाने पुआराईला काय बक्षीस दिलं म्हणता? रविवारी चर्चमध्ये तिच्या बाकावर शेजारी कुणी बसेना. पुरुष तिला नमस्कार करायचे, पण मान वळवून, जणू मध्ये कुणीतरी उभं आहे. तिहोनी घरी आला, तोही महिनाभर तिच्याशी जेवणापुरताच बोलला. जीव वाचला याचा आनंद त्याला होता. फक्त तो सगळ्या गावासमोर बायकोने वाचवला, हे त्याला पचत नव्हतं. मला त्याची किळस आली. पचायला काय काय पचलं होतं त्याला.

बायकांचं मात्र वेगळं चाललं होतं. एकेक जण मळ्यात येऊन व्हॅनिलाच्या भावाची चौकशी करायची आणि जाता जाता हळूच विचारायची, काय गं, तिहोनीची लघवी कसल्या रंगाची झाली होती? पुआराई सांगायची. मग त्या घरी जाऊन आपापल्या नवऱ्यांवर नजर ठेवायच्या. गावात बरेच दिवस न्हाणीघरांच्या दारांवरून भांडणं ऐकू येत होती.

पुढल्या हंगामात व्हॅनिलाला फुलं आली. व्हॅनिलाचं फूल एकाच सकाळी उमलतं आणि त्याच सकाळी हाताने, काडीच्या टोकाने परागाशी त्याचं लग्न लावावं लागतं. दुपारी ते मिटलं की शेंग गेली. अशा वेळी पुआराई कुणासाठी थांबत नाही. तामुएरा नेमका तेव्हाच आला. मी कुंपणाला टांगलेली होते, मुंग्यांच्या ताब्यात. एवढा मोठा तांडेल तिच्यामागून वेलींच्या ओळीतून वाकून, पोट सावरत चालत होता आणि ती मागे वळून बघत नव्हती.

आधी तो पावसावर बोलला. मग फुलांवर. मग एकदाचं त्याने सांगितलं की होडी पाण्यात उतरायची वेळ झाली आणि सहाजण जमत नाहीत. जमतात, पण घरून परवानगी नाही. बायकांनी आपसात ठरवलं होतं, पुआराई बोटीवर असेल तरच नवरे होडीत बसतील.

"मी होडी बाद केली होती, दादा," ती म्हणाली. एक फूल, दुसरं फूल.

"माहीत आहे."

"परत करीन."

तामुएराने पोटाला अडकलेली वेल बाजूला केली. मग म्हणाला, "म्हणून तर आलोय."

तिने काडी कानामागे खोचली आणि अटी सांगितल्या. वाळूत पाणी ओतायचं नाही. बाजू बदलायची हाक देतो तशी पाणी प्यायची हाक तांडेलाने द्यायची, पुढून मागे, एकेकाने प्यायचं, शेजारी कुणीही असो. आणि निघण्याआधी प्रत्येकाने आपली पिशवी उघडून तिला वास द्यायचा.

"वास?" तामुएराने विचारलं.

"वास."

सरावाच्या पहिल्या सकाळी सहा दांडगे पुरुष वाळूत ओळीने उभे होते, हातात उघडी पिशवी धरून. पुआराई नाक पुढे करून एकेकापाशी थांबत होती. तामुएराने आपली पिशवी दोनदा धुतलेली दिसत होती, तिला लिंबाचा वास होता. पाचजण पुढे गेले. तिहोनीपाशी ती आली. त्याने मला कुंपणावरून नुसतं ओढून आणलं होतं. तिने एकदाच हुंगलं.

"तू आज किनाऱ्यावर," ती म्हणाली आणि दंड फुगवून उभ्या असलेल्या पोरांपैकी एकाला बोलावलं. त्याची पिशवी हुंगली आणि त्याला तिसऱ्या जागेवर बसवलं.

होडी गेली. तिहोनी वाळूत उभा राहिला. मला वाटलं, आता हा मला समुद्रात भिरकावणार. तो नळापाशी गेला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने मला स्वतःच्या हातांनी धुतलं, कपड्याच्या साबणाच्या वडीने, घासघासून. नळीत जुन्या तारेचा तुकडा घालून घालून त्याने काळं काढलं. नाक मुरडत होता. दोनदा त्याला ओकारी आली. मी मनात म्हटलं, काढ, काढ, मीही इतके दिवस हेच सोसलं.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. आम्हाला वापरा, पण वापरल्यावर धुवा आणि उलटं टांगा. गोड भरून उन्हात कोंडू नका. आणि तहान लागली की आधी प्या, कोण बघतंय ते नंतर बघा.

तिहोनी दुसऱ्या दिवशी होडीत परत बसला. साबण मात्र त्याने नीट विसळला नाही, तेवढी अक्कल त्याला अजून यायची आहे. माझ्यातलं पाणी आता कायमचं साबणासारखं लागतं. तामुएरा हाक देतो. शेजारून पलीकडच्या गावची होडी जात असते आणि तिच्यातले सगळे टक लावून बघत असतात. तिहोनी बोंड दातात धरतो, तोंड वाकडं करतो, आणि पितो.